कोरियन डिझाइनचा इतिहास कुणाच्या क्रमाने लिहिला गेला?

उपयोजित कलेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातील एका विद्यार्थिनीने विचारले आहे की, दक्षिण कोरियातील डिझाइनविषयक सुरुवातीचे लेखन आणि शिक्षण पाश्चात्त्य डिझाइन इतिहासाने कसे घडवले, आणि कोरियन युद्धानंतर अमेरिकन मदतीबरोबर बाउहाउस, म्हणजे जर्मनीतील प्रसिद्ध डिझाइन शाळेची शिकवण, तिथे पोहोचले असे प्रबंधात लिहिणे योग्य ठरेल का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. ते विधान खोटे नाही, पण अर्धवट आहे. अमेरिकन मदत सोलमध्ये येण्याच्या कितीतरी आधी, जपानी राजवटीच्या काळात, टोकियोच्या कलाशाळांमधून युरोपीय कल्पना कोरियात येऊन रुजल्या होत्या, आणि पुढे अमेरिकेतून जे आले ते या आधीच्या थरावर बसले. हे दोन थर वेगळे केले नाहीत तर पुढच्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होत नाही.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबणार आहे. डिझाइनचा इतिहास शिकवताना माझे मत असे बनत गेले की, कोरियाने पश्चिमेकडून शैली घेतल्या त्यापेक्षा कितीतरी खोलवर एका कथेचा क्रम घेतला. डिझाइन केव्हापासून सुरू झाले, डिझायनर कुणाला म्हणायचे, कोणती वस्तू इतिहासात धरायची आणि कोणती कारागिरीच्या खात्यात टाकायची, हे सगळे त्या क्रमाने ठरवले. शैली बदलत राहिल्या, क्रम मात्र पुस्तकांत, वर्गांत आणि प्रवेशपरीक्षेत फार काळ टिकला.

हा क्रम कोणता, ते सांगतो. कला-इतिहासकार निकोलस पेव्हस्नर यांनी १९३६ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात इंग्रज लेखक-डिझायनर विल्यम मॉरिस यांच्यापासून बाउहाउसचे संस्थापक वॉल्टर ग्रोपियस यांच्यापर्यंत एक सलग वाट आखली. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनातील यंत्रनिर्मित मालाची भडक सजावट, तिच्यावरची टीका, मॉरिस यांची हस्तव्यवसायाची चळवळ, आर नूव्हो ही वेलबुट्टीदार शैली, १९०७ चा जर्मन वेर्कबुंड हा कलावंत-उद्योजकांचा संघ आणि अखेरीस १९१९ मध्ये सुरू झालेले बाउहाउस असे त्या वाटेवरचे मुक्काम आहेत. हाताकडून यंत्राकडे, सजावटीकडून साध्या आकाराकडे, कारागिराकडून डिझायनरकडे, अशी ती एकाच दिशेने जाते. मांडणी वाचायला सुटसुटीत, शिकवायला सोपी आणि परीक्षेत विचारायला तर फारच सोयीची आहे. पण युरोपात ही मांडणी म्हणजे एका मोठ्या भांडणातील एक बाजू होती. १९१४ मध्ये वेर्कबुंडच्या कोलोनच्या अधिवेशनात हेर्मान मुथेसियुस आणि आंरी व्हान द व्हेल्ड यांच्यात प्रमाणीकरणावरून उघड वाद झाला. बाउहाउसमध्येही शिक्षक योहानेस इटेन यांना १९२३ मध्ये बाहेर पडावे लागले, संचालक हानेस मेयर यांना १९३० मध्ये काढून टाकण्यात आले आणि १९३३ मध्ये शाळाच बंद पडली. पूर्वेकडे जाताना हे वाद वाटेत गळून पडले आणि निष्कर्ष तेवढे पोहोचले. ज्या विद्यार्थ्याला बाउहाउस ही सरळ रेघेच्या शेवटची पायरी म्हणून भेटते, त्याला ती शाळा स्वतःशीच किती भांडत होती हे कळत नाही, आणि आपणही तिच्याशी भांडू शकतो हे सुचत नाही.

आता टोकियोकडे वळू. १९१० ते १९४५ या काळात कोरिया जपानच्या ताब्यात होता आणि कलेचे उच्च शिक्षण घ्यायचे तर टोकियोला जाण्यावाचून फारसा पर्याय नव्हता. टोकियो कलाविद्यालयात १८९६ पासून संकल्पनाचा, म्हणजे वस्तूंवरील नक्षी आणि वस्तूंचे आकार आखण्याचा, स्वतंत्र विभाग होता. युरोपच्या बाजारात जपानी माल खपावा ही त्यामागची एक मोठी प्रेरणा होती. इम सुक-जे हे या विभागातून १९२८ मध्ये पदवी घेणारे पहिले कोरियन. त्याच वर्षी त्यांनी सोलच्या ‘दोंगा इल्बो’ या दैनिकात कारागिरी आणि संकल्पन म्हणजे काय, हे सामान्य वाचकाला समजावून सांगणारे लेखन केले. कोरियन डिझाइन लेखनाचा आरंभ शोधायचा असेल तर मी तिथपासून सुरुवात करीन. डिझाइन ही शब्दांत मांडण्याजोगी, चित्रकला आणि शिल्पकलेहून वेगळी विद्या आहे, हे वृत्तपत्राच्या वाचकाला पटवून द्यावे असे तेव्हा कुणाला तरी वाटले, ही लहान गोष्ट नव्हे. इम यांचे १९३७ मध्ये निधन झाले आणि हा धागा दुर्दैवाने लवकरच तुटला.

दुसरे पदवीधर ली सून-सोक. १९३१ मध्ये शिक्षण संपवून परतताच त्यांनी सोलमध्ये आपल्या संकल्पनचित्रांचे एकट्याचे प्रदर्शन भरवले, काही काळ ह्वाशिन या कोरियन मालकीच्या मोठ्या दुकानात काम केले आणि पुढे ‘नांगनांग पार्लर’ नावाचे कॉफीगृह चालवले. तिथे लेखक-चित्रकारांचा राबता असे. त्यांच्यातच यी सांग हे कवी होते. ते वास्तुशास्त्राचे पदवीधर आणि वसाहत सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरीला. वास्तुकलेच्या एका मासिकाच्या मुखपृष्ठासाठी १९२९ च्या अखेरीस झालेल्या स्पर्धेत त्यांना पहिले आणि तिसरे अशी दोन्ही बक्षिसे मिळाली. १९३० च्या आसपासच्या सोलमध्ये युरोपीय आधुनिकतेशी थेट, खेळकर आणि धीट व्यवहार करणारी माणसे होती, एवढे यावरून दिसते. तरीही १९४५ नंतर लिहिल्या गेलेल्या इतिहासांत हा काळ बराच वेळ रिकामाच राहिला. वसाहतकाळाविषयीचा संकोच हे त्याचे एक कारण आहेच. दुसरे कारण असे की, कॉफीगृह, कविता आणि मासिकाचे मुखपृष्ठ यांना ‘कारखाना आणि डिझायनर’ या कथेत जागाच नव्हती.

इथे यानागी सोएत्सु यांच्याविषयी थोडे थांबून लिहायला हवे, कारण पाश्चात्त्य विचाराचा कोरियावरचा सर्वांत गुंतागुंतीचा परिणाम त्यांच्यामार्फत झाला. यानागी हे जपानी विचारवंत होते. रस्किन, मॉरिस आणि विल्यम ब्लेक या इंग्रज लेखक-कवींच्या वाचनातून त्यांची दृष्टी घडली आणि इंग्रज कुंभकार बर्नार्ड लीच यांच्याशी त्यांची दीर्घ मैत्री होती. कोरियाच्या जुन्या जोसोन राजघराण्याच्या काळातील साधी पांढरी भांडी पाहून ते भारावले आणि कोरियात राहणाऱ्या असाकावा या जपानी बंधूंच्या मदतीने त्यांनी १९२४ मध्ये सोलच्या ग्योंगबोकगुंग राजवाड्याच्या आवारात कोरियन लोककलेचे संग्रहालय उघडले. जपानी सरकार कोरियन वास्तू पाडत असताना त्यांनी जाहीरपणे विरोध केला, हे त्यांचे ऋण कोरियात आजही मानले जाते. परंतु त्यांच्या सिद्धान्ताचे दोन भाग फार महागात पडले. एक म्हणजे कोरियन कलेचे सौंदर्य हे दुःखाचे सौंदर्य आहे, हे त्यांचे मत. दुसरा म्हणजे खरी सुंदर वस्तू अनाम कारागिराच्या नकळत हातून घडते, ही श्रद्धा. मॉरिस यांना कारागिराच्या कामात आनंद आणि स्वातंत्र्य हवे होते. यानागी यांच्याकडे येईपर्यंत त्या कारागिराचे नाव आणि त्याची बुद्धी दोन्ही मागे पडली. त्यामुळे कोरियन भांडे जगाच्या नजरेत वर चढले, पण ते घडवणारा माणूस विचार करणारा, आराखडा आखणारा व्यावसायिक म्हणून इतिहासात शिरू शकला नाही. पुढे जेव्हा कोरियन लेखकांनी डिझाइनचा इतिहास लिहायला घेतला तेव्हा परंपरा ‘लोककला’ या कप्प्यात आधीच बंद करून ठेवलेली होती. डिझाइन मग बाहेरूनच यावे लागणार होते.

बाउहाउसही आधी जपानमार्गेच आले. मिझुतानी ताकेहिको १९२७ ते १९२९ या काळात डेसाऊला, म्हणजे बाउहाउसमध्ये, शिकले, त्यांच्या मागोमाग यामावाकी दांपत्य गेले. कावाकिता रेनशिचिरो स्वतः बाउहाउसचे विद्यार्थी नव्हते, पण त्यांनी टोकियोत एक लहान शाळा चालवली आणि ताकेई कात्सुओ यांच्याबरोबर १९३४ मध्ये रचना-शिक्षणावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. बाउहाउसच्या प्राथमिक वर्गातील सराव त्यात शाळाशिक्षकाला वापरता येतील अशा पाठांच्या स्वरूपात मांडले होते. बिंदू, रेषा, पृष्ठभागाची विभागणी, रंगांची उतरती भाजणी, पोत आणि लय हे सगळे त्यात आले. कोरियात ‘कुसोंग’, म्हणजे रचना, या नावाने हा विषय रुजला आणि पुढे त्याचे काय झाले, ते तुमच्या प्रबंधात सविस्तर यावे असे मला वाटते.

कोरियातील कलामहाविद्यालयांची प्रवेशपरीक्षा डोळ्यासमोर आणा. अनेक दशके डिझाइनच्या उमेदवाराला साधारण दोन गोष्टी कराव्या लागत. एक, प्लास्टरच्या पुतळ्याचे पेन्सिलीने, छायाप्रकाश दाखवून केलेले रेखाटन: अग्रिप्पा, व्हीनस, किंवा मायकेलँजेलोच्या जुलियानो मेदिचीचे मस्तक. दुसरी, पोस्टर रंगांत ‘कुसोंग’: दिलेल्या वस्तू किंवा आकार घेऊन कागदाची नेटकी विभागणी करायची, कडा अगदी काटेकोर ठेवायच्या, रंगांच्या छटा पायरीपायरीने उतरवायच्या आणि ठरलेल्या तासांत काम पुरे करायचे. आपल्याकडे एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेत संकल्पचित्राचा पेपर ज्यांनी दिला आहे, त्यांना ब्रश कोरडा ठेवून सपाट रंग लावण्याची ती धडपड लगेच ओळखू येईल. कोरियात मात्र या सरावासाठी खासगी शिकवणीवर्गांची प्रचंड व्यवस्था उभी राहिली. उत्तम ‘कुसोंग’ कसे दिसते याचे ठराविक नमुने तयार झाले आणि ते पाठ करून घेतले जाऊ लागले.

यातली विसंगती नीट पाहा. प्लास्टरच्या पुतळ्यांचे चित्रण हे युरोपच्या अकादमींचे शिक्षण. जपानमध्ये ते १८७६ मध्ये सुरू झालेल्या सरकारी तांत्रिक कलाशाळेत इटालियन शिक्षकांबरोबर आले. बाउहाउसचा प्राथमिक वर्ग निघाला तो नेमका या अकादमी शिक्षणाला उत्तर म्हणून. नकला करून आलेल्या मुलाच्या सवयी मोडाव्यात, त्याने कागद, तार, लाकूड हाताळून स्वतः शोध घ्यावा, हा त्याचा हेतू होता. कोरियाच्या परीक्षागृहात हे दोन विरोधक एकाच दिवशी, एकाच उमेदवाराच्या हातून, शेजारी-शेजारी उतरत राहिले. दोन्ही पाश्चात्त्य, दोन्ही जपानमार्गे आलेले, आणि दोन्हींमागचे कारण वाटेत हरवलेले. जो सराव शाळेत आल्यावर सवय मोडण्यासाठी होता, तो शाळेच्या दारात उमेदवार गाळण्याचे साधन बनला. इतिहासातला वाद वगळून फक्त त्याची फळे आणली की काय होते, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. होंगिक विद्यापीठाने २००९ मध्ये प्रात्यक्षिक परीक्षा टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे जाहीर केले तेव्हा कोरियात झालेली खळबळ या पार्श्वभूमीवर समजून घ्यावी.

१९४५ च्या डिसेंबरमध्ये, मुक्ततेनंतर काही महिन्यांतच, हान होंग-थेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी औद्योगिक कलावंतांची संघटना स्थापन केली आणि पुढच्या वर्षी पोस्टरांचे प्रदर्शन भरवले. १९४६ मध्ये सोल राष्ट्रीय विद्यापीठात चित्रकला आणि शिल्पकला यांच्या जोडीला संकल्पन विभाग सुरू झाला. काही वर्षांतच त्याचे नाव उपयोजित कला विभाग झाले. ली सून-सोक हे त्याचे पायाभूत शिक्षक. कलाविद्यालयाचे पहिले प्रमुख चांग बाल टोकियोनंतर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले होते. म्हणजे शिक्षक टोकियोचे, चौकट अकादमीची आणि नजर हळूहळू अमेरिकेकडे वळणारी, अशी ती सुरुवात होती. १९५० ते १९५३ च्या युद्धाने सगळेच विस्कटले.

अमेरिकन टप्पा यानंतरचा. शीतयुद्धाच्या काळात अमेरिकन सरकारच्या परदेश-साहाय्य विभागाने आपल्या देशातील डिझाइन कचेऱ्यांशी करार करून त्यांना निरनिराळ्या देशांत पाठवले. आग्नेय आशियात रसेल राइट गेले, भारताची जबाबदारी पिट्सबर्गच्या पीटर मुलर-मंक यांच्या कचेरीकडे होती, आणि कोरिया ओहायो राज्यातील अ‍ॅक्रनच्या स्मिथ, शेर अँड मॅकडरमॉट या कचेरीच्या वाट्याला आला. त्यांनी सोलमध्ये हस्तकलेचे प्रात्यक्षिक केंद्र चालवले. ते १९५७ च्या करारातून उभे राहिले आणि १९६० मध्ये बंद झाले. नॉर्मन डीहान यांनी त्याची सूत्रे सांभाळली. बांबू, पितळ, लाख, मातीची भांडी या कोरियन कामांना अमेरिकन घरांत खपेल असे रूप देणे, हा केंद्राचा उद्देश होता. आयुष्य जेमतेम तीन वर्षांचे, पण परिणाम त्याहून फार लांबचा, कारण या केंद्राने तरुण कोरियन शिक्षकांना अमेरिकेत शिकायला पाठवले. मिन चोल-होंग शिकागोच्या इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये गेले आणि परतून कोरियातील औद्योगिक डिझाइन शिक्षणाचे आधारस्तंभ झाले. क्वोन सून-ह्योंग क्लीव्हलंडला गेले आणि मातीकामाकडे वळले. पुढे ते कोरियातील आधुनिक मृत्तिकाकलेचे अग्रणी ठरले.

मिन ज्या संस्थेत शिकले तिच्याविषयी एक बारकावा महत्त्वाचा आहे. लास्लो मोहोली-नॉज यांनी १९३७ मध्ये ‘न्यू बाउहाउस’ म्हणून ती सुरू केली, हे सगळे सांगतात. पण मोहोली-नॉज १९४६ मध्ये वारले, संस्था १९४९ मध्ये इलिनॉय तंत्रज्ञान संस्थेत विलीन झाली आणि १९५५ पासून तिचे संचालक होते जे डॉब्लिन, प्रसिद्ध औद्योगिक डिझायनर रेमंड लोवी यांच्या कचेरीत तयार झालेले. मिन तिथे पोहोचले तेव्हा ती शाळा अमेरिकन उद्योगाच्या गरजांकडे ठामपणे वळलेली होती. बाजार, उत्पादन आणि ग्राहक यांची भाषा तिथे बोलली जात होती. त्यामुळे १९६० च्या दशकात सोलमध्ये ‘बाउहाउस’ या नावाखाली शिकवले गेलेले बरेचसे ज्ञान हे शिकागोचे, व्यवसायाभिमुख ज्ञान होते, आणि त्याखाली १९३० च्या दशकातील टोकियोचा ‘रचना’ हा थर होता. वायमारचा किंवा डेसाऊचा, म्हणजे मूळ बाउहाउसचा, थेट संबंध त्यात फार थोडा होता.

भारताशी तुलना करायचा मोह इथे स्वाभाविक आहे आणि ती थोडी करावीही. आपल्याकडे चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर दांपत्याचा भारतातील डिझाइन-शिक्षणाविषयीचा १९५८ चा अहवाल, १९६१ ची अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि १९६९ मध्ये पवईत आयआयटीच्या आवारात सुरू झालेले इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर या घटना त्याच शीतयुद्धकालीन हवेतल्या. पवईच्या केंद्राची उभारणी करणारे सुधाकर नाडकर्णी जर्मनीच्या उल्म शाळेत शिकले होते. उल्मने बाउहाउसचा वारसा घेऊन त्याच्याशी उघड वाद घातला होता, त्यामुळे आपल्याकडे तो वादही थोडाफार पोहोचला. कोरियाच्या पहिल्या पिढीला तसा दुवा मिळाला नाही. तुलना मी इथेच थांबवतो, कारण कोरियात राज्यसंस्थेने डिझाइनचा हात ज्या जोराने धरला, तसे आपल्याकडे कधी झाले नाही.

दक्षिण कोरियाचे सत्ताधीश पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत १९६२ पासून पंचवार्षिक योजना सुरू झाल्या आणि १९६४ मध्ये कोरियाची निर्यात दहा कोटी डॉलरवर गेली. १९६५ मध्ये सोल विद्यापीठाशी संलग्न अशी हस्तकला-डिझाइन संशोधन संस्था ली सून-सोक यांच्या नेतृत्वाखाली निघाली. १९६६ मध्ये वाणिज्य-उद्योग मंत्रालयाने व्यापारी कला, औद्योगिक कला आणि हस्तकला अशा तीन विभागांचे वार्षिक राष्ट्रीय प्रदर्शन सुरू केले. १९७० मध्ये विखुरलेल्या संस्था एकत्र करून कोरिया डिझाइन व पॅकेजिंग केंद्र उभारण्यात आले. राष्ट्राध्यक्षांनी स्वहस्ते ‘कला-निर्यात’ अशी अक्षरे लिहून दिली. त्या काळातील डिझाइन शिक्षकाला सरकारदरबारी आपल्या विषयाचे समर्थन करायचे असेल तर या दोन शब्दांपलीकडे जाण्याची गरज नव्हती.

या टप्प्याला ‘बाउहाउसचा कोरियन अवतार’ म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. पाश्चात्त्य इतिहासातच याचे अधिक जवळचे उदाहरण शोधायचे तर ते जर्मनीत नाही, व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये आहे. फ्रेंच मालापुढे इंग्रज माल मागे पडतो म्हणून ब्रिटिश सरकारने १८३७ मध्ये डिझाइनची शाळा काढली, आणि १८५१ च्या प्रदर्शनानंतर हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्याने लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील सरकारी कला-केंद्रातून प्रदर्शने, बक्षिसे आणि नेमून दिलेला अभ्यासक्रम यांच्या जोरावर देशाची अभिरुची व्यापारासाठी सुधारण्याचा खटाटोप केला. मुंबईचे सर ज. जी. कलाविद्यालयही पुढे याच व्यवस्थेच्या छायेत वाढले. सरकारी प्रदर्शन, सरकारी पदक आणि सरकारी केंद्र हा कोरियन त्रिकोण कोल यांना सहज ओळखू आला असता. कोरियन पाठ्यपुस्तके मात्र कोल यांना दोन ओळींत संपवून मॉरिस आणि ग्रोपियस यांच्याकडे धाव घेत. आपण प्रत्यक्षात काय करतो आहोत याचे नाव कथेच्या आरंभी होते, आणि अभिमान शेवटच्या प्रकरणाचा धरला गेला. राज्यसंस्था, बाजार आणि अभिरुची यांच्या नात्याची चिकित्सा करण्याची चांगली संधी त्यामुळे हुकली.

१९७६ हे वर्ष तुमच्या प्रबंधाच्या मध्यभागी असावे. त्या वर्षी चोंग शी-ह्वा यांचे ‘कोरियातील आधुनिक डिझाइन’ हे पुस्तक आले. या विषयाचा स्वतंत्र पुस्तकरूपाने विचार करणाऱ्या सर्वांत आधीच्या प्रयत्नांपैकी ते एक आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘डिझाइन’ हे मासिक सुरू झाले आणि पुढच्या वर्षी ‘क्कुमिम’ हे दुसरे मासिक निघाले. त्याआधी लेखन होते ते तुटक: वृत्तपत्रांतील लेख, प्रदर्शनांच्या पुस्तिका, सरकारी केंद्राची नियतकालिके. आता वाचकवर्ग तयार झाला, परदेशी पुस्तकांची भाषांतरे होऊ लागली आणि महाविद्यालयांत डिझाइन इतिहासाचा तास वेळापत्रकात आला. चोंग यांच्या पिढीचे काम मी कमी लेखत नाही. ज्या देशात या विषयाला बोलायला भाषाच नव्हती तिथे त्यांनी संज्ञा, कालखंड आणि प्रश्न दिले, आणि पाश्चात्त्य इतिहास हाताशी होता म्हणूनच ते इतक्या लवकर देता आले.

पण क्रमाने आपले काम केलेच. पाठ्यपुस्तकांची ठरलेली रचना अशी असे: ब्रिटिश औद्योगिक क्रांती, मॉरिस, वेर्कबुंड, बाउहाउस, अमेरिकेतील प्रवाही आकारांची लाट, उल्म, आणि सगळ्यात शेवटी, शिल्लक पानांत, कोरिया. असा इतिहास शिकलेला विद्यार्थी आपल्या देशाकडे पाहतो तेव्हा त्याला आधी दिसते ते उणेपण. आपल्याकडे औद्योगिक क्रांती उशिरा झाली, आपल्याकडे मॉरिस झाला नाही, आपली शाळा उशिरा निघाली, अशी वाक्ये मग आपोआप लिहिली जातात. उशीर हाच इतिहासाचा विषय होऊन बसतो आणि त्यावरचा उपाय म्हणजे पुढे गेलेल्यांना वेगाने गाठून मागे टाकणे. सरकारच्या निर्यातधोरणाला हे सूत्र अगदी सोयीचे होते.

काय सुटले, ते एका माणसाच्या उदाहरणावरून सांगतो. छ्वे जोंग-हो हे १९१६ मध्ये जन्मलेले अक्षररेखाटनकार. १९५० च्या दशकात त्यांनी एका प्रकाशनसंस्थेसाठी हांगुल या कोरियन लिपीच्या छपाईच्या खिळ्यांची मूळ रेखाटने काढली आणि पुढे फोटोटाइपसेटिंग, म्हणजे छायाचित्रण तंत्राने अक्षरजुळणी, करणाऱ्या जपानी कंपन्यांसाठी हांगुल अक्षरे आखली. कोरियन लिपीचे जे पुस्तकी वळण दोन-तीन पिढ्यांच्या डोळ्यांत बसले त्याचा मोठा वाटा त्यांच्या हाताचा आहे. हांगुलमध्ये व्यंजने आणि स्वर एका अदृश्य चौकोनात रचून अक्षरगट तयार होतो. त्यामुळे एकच व्यंजन शेजारच्या स्वराप्रमाणे कुठे अरुंद, कुठे बुटके, कुठे तळाशी दाबलेले काढावे लागते, आणि एका संपूर्ण संचासाठी हजारो गट हाताने रेखाटावे लागतात. प्रत्येक गटाचे काळे-पांढरे वजन शेजाऱ्याशी जुळले पाहिजे. हे डिझाइन नाही तर काय आहे? तरी छ्वे छापखान्याच्या जगातले होते, कलाविद्यालयाच्या नव्हे. त्यांच्या कामात बाउहाउसचा ठसा नव्हता, आणि म्हणून बराच काळ डिझाइनच्या इतिहासात त्यांना जागा नव्हती. ज्या देशात १३७७ मध्ये धातूच्या खिळ्यांनी पुस्तक छापले गेले आणि १४४६ मध्ये विचारपूर्वक आखलेली लिपी जाहीर झाली, त्या देशाच्या विद्यार्थ्याने मुद्राक्षरांचा इतिहास गुटेनबर्गपासून सुरू करावा, हे त्या उसन्या क्रमाचेच फळ.

भरतकामाचेही असेच झाले. टोकियोच्या महिला कलाविद्यालयात अनेक कोरियन तरुणी भरतकाम शिकल्या आणि १९४५ मध्ये इवा महिला विद्यापीठाच्या कलाविभागात भरतकाम हा मुख्य विषयांपैकी एक होता. आकृतिबंध, रंगयोजना, साहित्याचे ज्ञान, बाजार हे सगळे त्यात होते. परंतु यंत्राकडे जाणाऱ्या वाटेवर ते बसत नव्हते, म्हणून ते गृहिणीच्या कौशल्यात जमा झाले.

१९७६ मधलेच तिसरे प्रकाशन या सगळ्याला वेगळे उत्तर देते, म्हणून ते मी मुद्दाम राखून ठेवले होते. हान छांग-गी यांनी त्या वर्षी मार्चमध्ये ‘खोल मुळांचे झाड’ या अर्थाच्या नावाचे मासिक सुरू केले. हान हे ब्रिटानिका ज्ञानकोशाच्या कोरियन शाखेचे प्रमुख होते, म्हणजे पाश्चात्त्य ज्ञानव्यवहार त्यांना आतून माहीत होता. मासिक चिनी अक्षरे वगळून केवळ हांगुलमध्ये आणि आडव्या ओळींत छापले जाई. कलादिग्दर्शक ली सांग-छोल यांनी त्याची पाने युरोपीय पद्धतीच्या जाळीवर, म्हणजे आधी आखलेल्या उभ्या-आडव्या रेघांच्या चौकटीवर, शिस्तीत बसवली. मजकूर मात्र गावोगावचे कारागीर, पान्सोरी या पारंपरिक कथागायनाचे गायक, बोलीभाषा आणि पितळी भांडी यांच्याविषयीचा. पद्धत बाहेरची घेतली, पण कशाला महत्त्व द्यायचे याचा क्रम स्वतः ठरवला. हे काम त्या दशकातील कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा पुढचे होते, असे मला ठामपणे वाटते. १९८० मध्ये लष्करी राजवटीने ते बंद पाडले.

त्याच वाटेने पुढे आन सांग-सू आले. त्यांनी ‘क्कुमिम’चे काम पाहिले, १९८५ मध्ये हांगुलला चौकोनातून मोकळे करणारा आपला टंक केला आणि यी सांग यांच्या कवितेतील अक्षररचनेवर १९९५ मध्ये डॉक्टरेटचा प्रबंध लिहिला. १९३० च्या दशकाचे रिकामे ठेवलेले पान अशा रीतीने अक्षरकाराने भरायला घेतले. २०१३ मध्ये त्यांनी पाजू येथे विद्यापीठाच्या चौकटीबाहेर मुद्राक्षरकलेची स्वतंत्र शाळा सुरू केली.

उघड चिकित्सा १९९० च्या दशकात सुरू झाली आणि तिची किंमतही मोजावी लागली. सोल राष्ट्रीय विद्यापीठातील किम मिन-सू यांनी १९९६ मध्ये संस्थेच्या पन्नाशीनिमित्त सुरुवातीच्या शिक्षकांच्या जपानधार्जिण्या वर्तनाचा प्रश्न मांडला. १९९८ मध्ये त्यांची पुनर्नियुक्ती नाकारली गेली आणि दीर्घ न्यायालयीन लढाईनंतर २००५ मध्ये ते परत रुजू झाले. डिझाइनचा इतिहास हा नावे आणि सनावळ्यांचा निरुपद्रवी विषय आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी हे प्रकरण वाचावे. छ्वे बोम यांच्यासारख्या समीक्षकांनी पुढे राज्यसंस्थेच्या डिझाइन धोरणावर सातत्याने लिहिले.

आता तुमच्या प्रबंधापुरते. सुरुवात १९४५ पासून किंवा १९५७ पासून करू नका, १९२८ च्या त्या वृत्तपत्रीय लेखनापासून करा. बाउहाउसचा उल्लेख येईल तिथे प्रत्येक वेळी कोणते बाउहाउस, कुणाच्या हातून आणि कोणत्या वर्षी, हे लिहा. १९७६ च्या तीन प्रकाशनांसाठी एक पूर्ण प्रकरण द्या आणि त्यांत कोरियाला कोणत्या जागी बसवले आहे, कारागीर नावानिशी येतो की नाही, आणि वसाहतकाळाला किती पाने मिळतात, हे पाहा. प्रवेशपरीक्षांचे जुने नमुने आणि शिकवणीवर्गांची मार्गदर्शक पुस्तके मिळवायचा प्रयत्न अवश्य करा. सिद्धान्तग्रंथांपेक्षा त्यांत अधिक सापडेल, कारण हजारो विद्यार्थ्यांनी डिझाइनची पहिली व्याख्या तिथे शिकली. सोलमध्ये होंगिक विद्यापीठाच्या परिसरात २००८ मध्ये उघडलेल्या खासगी डिझाइन संग्रहालयाने वेष्टने, लेबले, पोस्टरे, रेडिओ असा रोजच्या वापरातला ऐवज जमवला आहे. १९५९ मधला ए-५०१ हा कोरियात बनलेला पहिला रेडिओ आणि त्याचे डिझायनर पार्क योंग-ग्वी यांच्याविषयी वाचताना शाळांच्या इतिहासाबाहेरचा कारखान्यातला धागाही तुमच्या हाती लागेल, आणि तो या विषयावरच्या बऱ्याच पुस्तकांत अजून नीट गुंफलेला नाही.